कोकणातल्या घराचा पाया, जोतं आणि स्लॅब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं रायगडपासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंतच्या पट्ट्यातल्या साध्या घरांसाठी आहेत. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर स्लॅब किंवा कौलं, फार तर दोन मजले. सोसायटीच्या इमारतींबद्दल लोक जे विचारतात त्यातलं एक शेवटी घेतलं आहे.

पावसाने पाया खरंच कमजोर होतो का?

होतो, पण पाणी पायापाशी मुक्काम ठोकून राहिलं तरच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या घरात, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि ३००० मिमी पाऊस धरला तर एका मोसमात त्या छपरावरून सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर झाले हे. ते लांब निघून गेलं तर घराला काही होत नाही. जोत्याच्या, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या चौथऱ्याच्या, कडेलाच मुरलं तर पायाखालची माती मऊ पडते, भराव बसतो आणि एखादा कोपरा हळूहळू खाली जातो.

म्हणून कुठल्याही घराची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी जातं कुठे? केमिकल, रंग, इंजेक्शन, सगळं त्यानंतर.

पाणी कुठे जातं हे बघायचं कसं?

भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारायची. मे महिन्यात इंजिनियरला बोलावून ओलीचं निदान मागणारे पुष्कळ भेटतात. कोरड्या भिंतीकडे बघून तो बिचारा अंदाजच सांगणार. जुलैच्या एखाद्या झडीत मात्र सगळं उघड्यावर दिसतं. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, पन्हाळ कुठे ओसंडते, अंगणातलं पाणी गडग्याकडे (आवाराच्या दगडी कुंपणाकडे) जातं की जोत्याकडे वळतं, गच्चीच्या पाइपचं तोंड कुठे उघडतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, दिवाळीत गवंडी आला की त्याला दाखवता येतो.

न्हाणीघर वेगळं तपासा. जुन्या घरांत न्हाणीचं पाणी उघड्या पन्हळीतून थेट केळीच्या नाहीतर माडाच्या आळ्यात जायचं, कुठे तुंबलं तर लगेच दिसायचं. आता पाइप जमिनीत गाडतात आणि चेंबरपाशी जोड सुटला तर वर्षानुवर्षं कळत नाही. घराचा बाथरूमकडचा कोपराच खचला असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. एक साधी खूण सांगतो. एप्रिलमध्ये सगळं आवार करपलेलं असताना बाथरूमच्या भिंतीलगत हातभर पट्टा हिरवागार दिसत असेल, तर तिथे खणा.

पन्हाळ लावावी की नाही?

लावावी, पण ती साफ करणारं माणूस असेल तर. आंबा-फणसाच्या पाल्याने तुंबलेली पन्हाळ सगळं पाणी एका ठिकाणी भिंतीवर ओतते, त्यापेक्षा उघड्या पागोळ्या परवडल्या. रुंदी सहा इंच तरी हवी. पन्हाळ लावणार नसाल तर पागोळ्यांच्या रेषेत खाली उथळ गटार काढून त्यात खडी किंवा चिऱ्याचे तुकडे टाका, म्हणजे चिखलाचे शिंतोडे जोत्यावर उडत नाहीत.

जोत्याभोवती कोबा केलाय, तरी आत ओल येते. का?

कोबा (घराभोवतीचा काँक्रीटचा पट्टा) आणि जोतं यांच्यामधली फट बघा. कोबा सहसा मोकळ्या भरावावर घालतात. दोन-तीन पावसांत भराव बसतो, कोबा घरापासून सुटतो आणि भिंतीलगत अंगठा जाईल एवढी फट पडते. शिवाय खाली बसताना तो घराच्या बाजूला कलतो. म्हणजे पाणी लांब न्यायला केलेला कोबाच पाणी गोळा करून त्या फटीत सोडतो.

उपाय फार मोठा नाही. कोबा दोन ते तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला तीन फुटांत किमान एक इंच उतार, खाली धुम्मस करून (ठोकून) बसवलेला मुरूम, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर. भिंतीलगतचा सांधा सिमेंटने घट्ट बांधू नका. तो पुन्हा सुटणारच. डांबर किंवा लवचिक सीलंट भरा आणि दर वर्षी पावसाआधी एकदा नजर टाका. कोब्याच्या बाहेरच्या कडेला उघडं गटार असलं की काम पुरं.

अंगणाबद्दल एक. दर वर्षी थोडी थोडी माती घालून, वर पेव्हर ब्लॉक बसवून अंगण चढत जातं आणि जोतं बुडत जातं. आधी दोन फूट असलेलं जोतं नऊ इंचांवर आलेली घरं मी पाहिली आहेत. जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा जोत्यातला ओलरोधक थर जमिनीखाली गेला की तो असून नसल्यासारखाच. दीड फुटापेक्षा कमी जोतं कोकणात ठेवू नये.

हॉलमधली फरशी खचली आहे. पाया खचला का?

बहुधा नाही. भिंती पायावर उभ्या असतात, फरशी मात्र जोत्यातल्या भरावावर. लाल माती, पाडकामाचा राडारोडा, जे मिळेल ते जोत्यात एकदम ओतून वर फरशी बसवली की दोन-चार वर्षांत ती मध्येच दबते. कडेची पट्टी भिंतीपासून सुटते आणि टाइलवर टकटक केलं की बद्द आवाज येतो. भिंतींना भेगा नसतील, दारं नीट लागत असतील, तर पाया ठीक आहे.

फरशी काढून भराव पुन्हा सहा ते आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरावा लागतो. वरून सिमेंटचं पाणी सोडून भागत नाही. खणताना घुशीची बिळं मिळतात का तेही बघा. घूस जोत्याखालून पोत्याने माती बाहेर काढते आणि ते बीळ हे पावसाच्या पाण्याला आयतं पाट होतं. बिळात काचेचे तुकडे टाकून बारीक खडीचं काँक्रीट ठासतात तो जुना उपाय अजूनही चांगला आहे.

भिंतीला भेग पडली. घाबरायचं कधी?

केसासारख्या, जाळीदार, फक्त गिलाव्यातल्या भेगा सोडून द्या. काँक्रीटचा कॉलम आणि चिऱ्याची भिंत यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग जाते, ती दोन वेगळ्या वस्तू उन्हापावसात वेगवेगळ्या हलतात म्हणून. गिलाव्याआधी तिथे जाळी मारली नसेल तर ती येतेच. स्लॅबच्या खाली भिंतीच्या माथ्यावरची आडवी भेग उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते.

लक्ष द्यायचं ते खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या, किंवा चिऱ्यांच्या दर्जांमधून (सांध्यांमधून) पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या भेगेकडे. ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल तर घराचा एक भाग खाली जातोय किंवा वळतोय. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा. पट्टी फुटली तर भेग चालू आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर असं तीनदा बघितलं की चित्र कळतं. चालू भेग बुजवण्यात पैसे घालवू नका, आधी ती हलते कशामुळे ते शोधा.

आणि भेग काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबखाली सळईच्या रेषेत सरळ गेली असेल तर ती गंजाची भेग आहे. त्याबद्दल पुढे.

आमचं घर घाटावर, काळ्या मातीत आहे. हेच लागू पडतं का?

पाणी लांब काढायचं तेवढं लागू पडतं, बाकी गणित वेगळं. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगाळते आणि पाया त्यासोबत वर-खाली होतो. तिथे भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसात मिटतात. पाया मुरमापर्यंत खाली न्यावा लागतो, माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खोल खांब. कोकणच्या जांभ्या मातीत ही फुगाफुगी जवळजवळ नाही.

भिंतीला खालून दोन-तीन फूट ओल चढते, रंगाचे पोपडे निघतात आणि पांढरी भुकटी दिसते. काय करावं?

ती भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर नाही, किंवा अंगण चढल्याने तो निकामी झाला आहे.

आतून वॉटरप्रूफ रंग मारणं हा यातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. पाणी मागून ढकलतं, रंग पुढून सुटतो, आणि ओल अडवली म्हणून ती आणखी वर चढते. आधी बाहेर गटार, कोबा, अंगणाची पातळी. मग आतला खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. तरीही ओल राहिली तर जोत्याला ओळीने भोकं पाडून त्यात पाणी अडवणारं रसायन भरतात. चिऱ्यात पोकळ्या असल्याने ते कुठेही पळतं, त्यामुळे ज्याने चिऱ्याच्या भिंतीत हे केलंय अशाच माणसाला द्या.

ओल जमिनीतून येते की हवेतली आहे याची शंका असेल तर फरशीवर किंवा भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत जमले तर ओल आतून येतेय. वरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे आणि खिडक्या उघडणं हाच उपाय.

चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा करावा का?

यावर दोन गवंडी एकमताने बोललेले मी ऐकले नाहीत. चिरा सच्छिद्र असतो. ताजा काढलेला मऊ, हवेवर राहिला की टणक होत जाणारा. उघड्या चिऱ्याची भिंत भिजते तशी वाळतेही. माझं मत असं: छज्जा किंवा पडवी भरपूर बाहेर असेल तर चिरा उघडा ठेवा, दर्जा नीट भरा आणि हवं तर पाणी झटकणारं पारदर्शक सिलोक्झेनचं लेपन करा. नैर्ऋत्येकडून येणारी झड सरळ अंगावर घेणाऱ्या भिंतीला मात्र गिलावा हवाच, दोन थरांत. बाहेर गिलावा आणि आत ऑइल पेंट असं करू नका. मधली ओल मग कुठूनच बाहेर पडत नाही.

पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधत. आता लोक हिरवी जाळी किंवा प्लॅस्टिक बांधतात. दिसायला काही बरं नाही, पण झडीला तोड आहे.

छज्जा फुटून सळ्या बाहेर दिसतात. असं का होतं?

काँक्रीट चांगलं अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या आसपास, आणि तोवर आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि सामू उतरवतो. तो नऊच्या खाली सळईपर्यंत आला की संरक्षण संपलं. किनाऱ्यावर खाऱ्या हवेतलं क्लोराइड हेच काम फार लवकर करतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, ती मिळाली नाही की वरचं काँक्रीट फोडतो. आधी तपकिरी ओघळ, मग सळईच्या रेषेत भेग, मग खपली.

छज्जा पहिला का जातो? तो पातळ असतो, दोन्ही बाजूंनी भिजतो, आणि त्याच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच बहुतेक ठिकाणी केलेलीच नसते, त्यामुळे पाणी खालच्या अंगाने आत भिंतीपर्यंत घरंगळतं. वरून एक जुनी खोड. भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावर पाय देऊन उभी राहतात आणि ती तळाला बसते. तिथे ती ना वजन घेते, ना तिच्यावर पुरेसं काँक्रीट उरतं. अशा छज्जावर उभं राहून आंबे काढू नका, एसीचं युनिटही ठेवू नका.

मग दुरुस्ती कशी करायची? गवंडी म्हणतो, सिमेंट लावून देतो.

सिमेंट लावून दिलं तर पुढच्या दिवाळीला तीच खपली तुमच्या अंगणात पडेल. योग्य क्रम असा आहे. आधी खाली टेकू द्यायचा. हातोडीने ठोकत जायचं; जिथपर्यंत बद्द आवाज येतो तिथपर्यंत सगळं काढायचं, सळईच्या मागे बोट जाईल इतकं. सळई तारेच्या ब्रशने लख्ख करायची. ती फारच झिजली असेल तर शेजारी नवी सळई बांधावी लागते, किती ते इंजिनियरने ठरवायचं. मग गंजरोधक प्रायमर, जुन्या-नव्याचा सांधा धरणारा बाँड कोट आणि पॉलिमर मिसळलेला मसाला पातळ थरांत. शेवटी पाणी मारणं, जे हमखास राहतं.

किनाऱ्यालगत आणखी एक अडचण येते. क्लोराइड आसपासच्या काँक्रीटमध्येही मुरलेलं असतं, त्यामुळे ठिगळ चांगलं राहतं आणि त्याच्या कडेची जुनी सळई अधिक वेगाने गंजते. वर्ष-दोन वर्षांत ठिगळाच्या बाजूलाच नवी भेग दिसली तर कारागिरावर लगेच संशय घेऊ नका. अशा वेळी छज्जा पूर्ण तोडून नवा करणं स्वस्त पडतं.

समुद्राजवळ नवीन घर बांधतोय. काँक्रीटबद्दल काय सांगून ठेवू?

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरची उघडी बांधणी ‘तीव्र’ वर्गात येते. त्यासाठी किमान एम३० दर्जाचं काँक्रीट (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिमी काँक्रीटचं आवरण. लाटांचे तुषार थेट उडत असतील तर एम३५ आणि ५० मिमी. गावात सरसकट एम२० आणि पाऊण इंच आवरण चालतं. छज्जे फुटण्याचं मूळ तिथेच आहे.

तीनच गोष्टी स्वतः उभं राहून बघा. सळईखाली खडीचा तुकडा न ठेवता काँक्रीटचे कव्हर ब्लॉक ठेवलेत ना. एका गोणीमागे किती पाणी पडतंय: ०.४५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, वाळूतली ओल धरून. आणि वाळू खाडीची आहे का. न धुतलेली खाडीची वाळू सळईच्या काँक्रीटमध्ये घालूच नका, त्यापेक्षा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) बरी. सिमेंटमध्ये स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) मिळालं तर घ्या, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही.

आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. बांधकामाला चालेल का?

सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, बिनसळईच्या कामाला २०००. तपासणी प्रयोगशाळेत स्वस्तात होते, एकदा करून घ्या. जिभेला खारट लागलं तर तपासायचीही गरज नाही, वापरू नका. स्लॅबवर साठवायचं पाणीही तेच असेल तर तेही खारं नको.

काम काढायची योग्य वेळ कोणती?

लोक एप्रिल-मेमध्ये घाईने काम काढतात, कारण पुढे पाऊस उभा असतो आणि मुलांना सुट्टी असते. माझं मत दिवाळी ते होळी. विहिरींना पाणी असतं आणि ते गोडं असतं, ऊन काँक्रीटला भाजत नाही, पावसात दिसलेल्या ओलीच्या खुणा भिंतीवर ताज्या असतात. मे महिन्यात तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात टँकर मागवावा लागतो आणि त्यातलं पाणी आधी पिण्याला, मग गुरांना, उरलं तर स्लॅबला. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान १० दिवस सतत ओल लागते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे सतत ओल नव्हे. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा.

पावसाळ्यात स्लॅब टाकला तर काय बिघडतं?

जमून गेलेल्या स्लॅबवर रिमझिम पाऊस म्हणजे फुकटची क्युरिंग, काँक्रीट ओलं ठेवण्याचं काम आपोआप होतं. ताज्या काँक्रीटवर सर आली तर वरचं सिमेंट धुऊन जातं आणि पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. ताडपत्री आधीच बांधून ठेवा. जास्त नुकसान न दिसणारं असतं: ओली वाळू. गोणीमागे ८० किलो वाळूत ५ टक्के ओल असली तरी ४ लिटर पाणी तिच्यासोबतच आलं. मिक्सरवाला आपलं नेहमीचं पाणी वर ओततो आणि काँक्रीट पातळ होतं. शिवाय ओली वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजली तर कमी पडते. सिमेंट तीन महिन्यांहून जुनं नको, आणि गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

गच्ची गळते. पत्रा टाकू की वॉटरप्रूफिंग करू?

आधी गच्ची बघा. पाऊस थांबल्यावर तासाभराने जिथे पाणी उभं असेल तिथे खडूने गोल करा. उतार तिथे चुकला आहे. शंभराला एक, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच तरी उतार हवा. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात गोलाईदार वाटा (सिमेंटची भरणी) मारलेला असावा, पाणी सगळ्यात जास्त तिथून शिरतं. पाण्याची तोंडं दोन तरी हवीत; एकच असेल तर एक सागवानी पान गच्चीचा तलाव करायला पुरेसं आहे.

उतार ठीक असूनही गळत असेल तर जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, किंवा मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) आणि त्यावर संरक्षक थर. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नका, स्लॅबवर नाहक वजन येतं आणि मधलं पाणी तिथेच राहतं. अ‍ॅक्रिलिक रंग दोन-तीन वर्षं साथ देतो, त्याच्याकडून त्याहून जास्त मागू नका.

पत्र्याची शेड मला कोकणात पटते. स्लॅब उन्हापावसातून सुटतो, कपडे वाळतात, आंबे-काजू पसरायला जागा होते. पण खांब उभे करायला स्लॅबला भोकं पाडली की गळती स्वतःच्या हाताने केली. खांब काँक्रीटच्या छोट्या चौथऱ्यांवर बसवा आणि कठड्याला, कॉलमच्या डोक्यांना बांधा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर किती पत्रे उडाले ते आठवून हूक आणि बांधणी मोजून घ्या. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगीही लागते.

अंगणातलं शेवाळ कसं काढायचं?

खरखरीत ब्रश, पाणी आणि ऊन. ब्लीचिंग पावडर फक्त सळई नसलेल्या पायवाटेवर, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. स्लॅबवर किंवा छज्जावर क्लोरीनचं काहीही नको. अ‍ॅसिड तर कुठेच नको.

भेगेत पिंपळ उगवलाय. कापत राहिलो तर चालेल?

नाही, कापल्याने मूळ जाड होतं. भेग उघडून मूळ पूर्ण काढा, मग भरा. वड, पिंपळ, उंबर घरालगत ठेवू नका. माडाची मुळं तंतुमय असतात, पायाला सहसा त्रास देत नाहीत. त्याचे नारळ कुठे पडतात तेवढं बघा.

घर डोंगर कापून केलेल्या सपाटीवर आहे. काय बघायचं?

इथे पाया हा दुय्यम विषय आहे, मागची दरड पहिला. कोकणात वर टणक कातळ आणि त्याखाली मऊ पांढरट-जांभळट चिकणमाती असा थर अनेक ठिकाणी मिळतो. ती माती भिजली की तिची ताकद जाते. मागे आधारभिंत बांधली असेल तर तिला पाणी बाहेर पडायला दीड-दोन मीटरवर भोकं आणि मागे दगड-खडीचा भराव हवा. पाणी तुंबलेली काँक्रीटची भिंत सगळी एकदम कोसळते. सुक्या चिऱ्याचा गडगा निदान पाझरत राहतो. कड्याच्या वरच्या बाजूला गटार काढून पाणी बाजूला वळवा.

वरच्या जमिनीत नव्या भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, भिंतीचं पोट पुढे आलेलं. यातलं काहीही मोठ्या पावसात दिसलं तर घर सोडा, सामान नंतर बघता येतं. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३), दरडींच्या या तिन्ही दुर्घटना जुलैच्या धो-धो पावसातल्याच आहेत.

पुराचं पाणी घरात आलं होतं. आता लगेच काय करू नये?

चिपळूणच्या २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न फार आला. गाळ ओला असतानाच काढा, सुकला की दगड होतो. जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायची घाई मात्र करू नका: आजूबाजूची जमीन तुडुंब भरलेली असताना टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला वर उचलतं आणि तळ तडकतो. आधी भोवतालच्या विहिरींची पातळी उतरू द्या. भिंती पूर्ण वाळायला काही महिने लागतात, गणपतीच्या आधी रंग मारून घ्यायचा मोह आवरा. जोत्याभोवती माती वाहून जाऊन पाया उघडा पडला असेल तर तिथे मुरूम थरांत ठासून भरा. नुसती सैल माती लोटली तर पुढच्या पावसात पुन्हा जाते.

आम्ही मुंबईत असतो, घर गणपती आणि मे महिना सोडून बंद. काय व्यवस्था करावी?

जूनमध्ये आणि ऑगस्टच्या सुरुवातीला गच्चीची तोंडं आणि पन्हाळ साफ करायला शेजारी पैसे देऊन माणूस ठरवा. फुकट सांगितलेलं काम विसरलं जातं, त्यात त्याचा दोष नाही. जोरदार पावसात एकदा व्हिडिओ मागवा. सगळी दारं-खिडक्या गच्च बंद करून जाऊ नका, समोरासमोरची झडपं जाळी लावून उघडी ठेवा, नाहीतर गणपतीला दार उघडलं की बुरशीचा वास स्वागत करतो. लाकडी सामान भिंतीपासून वीतभर लांब. जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. नुसती झाडून काढू नका, जोत्यालगत औषध भरणाऱ्याला बोलवा.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी करावं लागतं आणि त्यात काय तपासतात?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. स्वतंत्र घराला अशी सक्ती नाही, पण किनाऱ्यावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या स्लॅबच्या घराचं एकदा करून घ्यावं. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा, अल्ट्रासोनिक चाचणीने आतल्या पोकळ्या, हाफ सेल चाचणीने गंज चालू असण्याची शक्यता कळते. फिनॉल्फथॅलिनची फवारणी तुम्हालाही डोळ्यांनी बघता येते: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर मारली की निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बन डायऑक्साइड पोचलेला भाग बिनरंगी राहतो. ही बिनरंगी पट्टी सळईपर्यंत आली आहे का, ते मोजपट्टी लावून फोटो काढून अहवालात दाखवायला सांगा. तुळईनिहाय फोटो आणि चाचण्यांचे आकडे नसलेला, नुसता ‘दुरुस्ती आवश्यक’ लिहिलेला अहवाल स्वीकारू नका.